शिळेवरचा आकडा आणि घरातला वारस
(लढाईत कामी आलेल्या ग्रामपुत्रांच्या वंशजांचा शोध)

ग्रामदैवताचे देऊळ हे गावाचे पहिले दप्तर होय. कागद वाळवीने खाल्ले, वाडे पडले, घराणी देशोधडीला लागली, तरी देवळाचे जोते आणि आवारातील दगड जागच्या जागी राहतात. म्हणूनच जीर्णोद्धाराचे काम निघाले आणि जुन्या भिंतीला पहार लागली, की गावाचा विसरलेला इतिहास पुष्कळदा आपोआप वर येतो.

अशा वेळी बहुधा सापडते ती एक उभी शिळा. तिच्यावर खालच्या चौकटीत लढणारा किंवा लढता लढता पडलेला वीर असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गाला नेत असतात. वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. चंद्रसूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. हाच वीरगळ. गाव त्याला शेंदूर लावते, सणासुदीला नारळ फोडते. परंतु हा वीर कोणाचा कोण, कोणत्या घराण्यातला, हे मात्र सांगता येत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर एकही अक्षर नाही. कीर्ती राहिली, नाव गेले.

ही गोष्ट सात-आठशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येईल. पण अगदी अलीकडे, पणजोबांच्या पिढीत, पुन्हा तेच घडले आहे.

संगमरवरी पाटी

सन १९१४ ते १९१८ चे पहिले महायुद्ध संपल्यावर तत्कालीन सरकारने ज्या गावांतून बरेच लोक पलटणीत गेले होते, त्या गावांना एक-एक दगडी पाटी दिली. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या भागांतील कित्येक गावांत ती आजही चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत बसवलेली दिसते. या गावातून इतके इसम महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरील मजकूर. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गाव तर पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाऊ लागले; त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले.

पाटीवर आकडा आहे. नाव नाही. गेलेल्यांपैकी चार पडले, तर ते चार कोण? त्यांपैकी कोणाच्या बायकोने चूडे उतरवले, कोणाचे लेकरू चुलत्याच्या घरी वाढले, हे दगड सांगत नाही. त्या वेळी सांगण्याची गरजही वाटली नसेल, कारण सारा गाव जाणत होता. आज शंभराहून अधिक वर्षे लोटली. ज्यांना ठाऊक होते ते गेले, आणि आकडा तेवढा मागे राहिला.

पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातील सुमारे ७४ हजार लोक मरण पावले. दुसऱ्या महायुद्धात, म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात, सुमारे ८७ हजार. यांतील फार थोड्यांची माती मायभूमीला मिळाली.

बसऱ्याच्या वाटेवर

महाराष्ट्रातल्या पलटणींपैकी पुष्कळ पलटणी पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी ‘बसऱ्याची लढाई’ हाच शब्द राहिला. कुत-अल-अमारा या तैग्रिस नदीकाठच्या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये वेढा घातला. वेढ्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. दाणागोटा संपला, घोडी आणि खेचरे मारून खाण्याची पाळी आली; धर्माच्या भावनेमुळे कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस प्रथम नाकारले आणि ते अधिकच खंगले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३ हजार लोक कैद झाले. त्यांना वाळवंटातून पायी चालवीत उत्तरेकडे नेण्यात आले, रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. अशांच्या मरणाची तिथी कोणी लिहून ठेवायची?

बसऱ्याला १९२९ मध्ये मोठे स्मारक उभे राहिले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि थडग्याची किंवा समाधीची जागा ठाऊक नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते आहे. परंतु त्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच तेवढी लिहिली. म्हणजे गावच्या पाटीवर जो न्याय, तोच परदेशच्या स्मारकावर. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली आपल्याच जुन्या कामाची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आणि हिंदी व आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत असा भेदभाव झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली. उशिरा का होईना, नावे शोधण्याच्या कामाला त्यामुळे बळ आले.

पंजाबात या कामाची एक मोठी सोय झाली आहे. तेथील सरकारने युद्धानंतर गावोगावच्या शिपायांच्या याद्या तयार केल्या होत्या. त्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात जवळजवळ शतकभर पडून होत्या. सुमारे ३ लाख २० हजार नावांच्या या याद्या २०२१ पासून संगणकावर खुल्या होऊ लागल्या आणि इंग्लंड-कॅनडात स्थायिक झालेल्या माणसांनाही आपले पणजोबा सापडू लागले. महाराष्ट्रातील गावांना मात्र हा शोध चार ठिकाणचे धागे जुळवूनच करावा लागतो.

नाव एक, माणसे अनेक

आयोगाच्या नोंदवहीत साधारणपणे सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि जेथे मिळाले तेथे बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हा लिहिलेला असतो. ही वही आता कोणालाही पाहता येते. तरी तेवढ्याने काम भागत नाही. अडचणी तीन आहेत.

पहिली अडचण नावाची. भरती करणारा साहेब, लिहिणारा कारकून आणि नाव सांगणारा शेतकऱ्याचा पोर, यांच्यात अक्षर हरवते. इंग्रजीत एकदा लिहिले गेले, की ते घाडगे, घाटगे की घार्गे, याचा उलगडा होत नाही. शिवाय मारुती, सखाराम, बाबू, रामजी ही नावे दर वाडीत दोन-दोन. घरचे लाडके नाव निराळे आणि पलटणीतले निराळे, असेही होई.

दुसरी अडचण गावाची. वडगाव, निमगाव, पिंपळगाव, खेड, कोरेगाव या नावांची गावे महाराष्ट्रात कितीतरी. तालुका लिहिलेला नसेल तर शोध तेथेच अडतो.

तिसरी अडचण जिल्ह्याची, आणि हिच्यात पुष्कळजण फसतात. जुन्या नोंदीत ‘सातारा जिल्हा’ लिहिलेला शिपाई आज सांगली जिल्ह्यातला असू शकतो. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके पूर्वी साताऱ्यात होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ‘रत्नागिरी’ लिहिलेला मालवण-देवगडचा माणूस १९८१ पासून सिंधुदुर्गात मोडतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले. कोल्हापूर, सावंतवाडी, सांगली ही तर संस्थानेच होती, आणि त्यांच्या हद्दीतील शिपाई संस्थानाच्या नावाने नोंदलेला असतो.

कधी कधी मात्र नावच वाट दाखवते. भीमेकाठच्या कोरेगावी १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे, त्यावर कंपनीच्या पलटणीतील कामी आलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या अखेरीस ‘नाक’ आहे. त्या एका शब्दावरून ते महार शिपाई होते हे दोनशे वर्षांनंतरही ओळखता येते. नाव कोरले म्हणून ते राहिले. पहिल्या महायुद्धातही १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली होती. तेव्हा गावच्या पाटीवरील आकड्यात पाटलाच्या वाड्यातला आहे तसाच गावकुसाबाहेरचाही असू शकतो, हे शोध करणाऱ्याने विसरू नये. कोकणपट्टीत तर पलटणीइतकेच जहाजावर गेलेले खलाशी शोधावे लागतात. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत खलाशी निवासात आहे.

दोन उदाहरणे

शोध पूर्णत्वास गेला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

नाईक यशवंत घाडगे हे माणगाव तालुक्यातील पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा जवळून मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे ठार वा जखमी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली, उरलेल्यांपैकी एकास गोळी घातली, आणि पुन्हा काडतुसे भरायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या तडाख्याने शेवटच्या दोघांना लोळवले. त्याच वेळी लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा देह मात्र मिळाला नाही. इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ साली इटलीतील मोन्तोने या गावानेही त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिका उभारली. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यावर आहे. ज्या परक्या गावाच्या शिवारात हा कोकणचा मुलगा पडला, त्या गावाने त्याला ऐंशी वर्षांनी आपलेसे केले.

दुसरे उदाहरण हरियाणाचे. इटलीतच फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात सप्टेंबर १९४४ मध्ये तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे दोन शिपाई बेपत्ता झाले. घरी एवढेच कळले, की पत्ता नाही. १९९६ साली तेथे मानवी अस्थी सापडल्या. तपासणीत त्या युरोपियन माणसांच्या नाहीत, विशी-बाविशीतील तरुणांच्या आहेत, असे ठरले. मग पलटणीच्या याद्या, बेपत्ता झाल्याची तारीख आणि गावाचे पत्ते यांचा पडताळा घेत घेत शोध हिसार आणि झज्जर जिल्ह्यांतील दोन घरांशी येऊन थांबला. २०१९ मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी, त्यांची रक्षा घरच्यांपर्यंत पोचली. ज्या आईबापांनी वाट पाहिली ते केव्हाच गेले होते. पण घराने वाट पाहण्याचे संपवले.

घरातल्या खुणा

मोठ्या कचेऱ्यांतील कागद एका बाजूला, आणि घरातल्या खुणा दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळतील तेव्हाच वारस ठरतो. घरातल्या खुणा पुष्कळ असतात. त्या खुणा आहेत, एवढे मात्र कळले पाहिजे.

पहिली खूण पदकाची. जुन्या ट्रंकेत, देवघराच्या फळीवर किंवा पोरांच्या खेळण्यात एखादे चांदीचे पदक असते. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. तिकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि अडीनडीला ते पदक सोनाराकडे जाते. पदकाबरोबर नावही आटते. काही घरांत वीतभर रुंदीहून लहान असा कांस्याचा गोल बिल्ला असतो, त्यावर सिंह आणि हातात माळ घेतलेली स्त्री असते. तो बिल्ला केवळ मृतांच्या वारसांना दिला जाई. तो घरात असेल तर त्या घरातला माणूस युद्धात वारला, याला दुसरा पुरावा नको.

दुसरी खूण श्राद्धाची. पितृपक्षात ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. पण शस्त्राने मरण आलेल्याचे चतुर्दशीला करण्याची रूढी आहे. एखाद्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चतुर्दशीला पान वाढले जाते आणि ते कोणासाठी हे नव्या सुनेला सांगता येत नाही, तेव्हा तेथे एक विसरलेला शिपाई असण्याचा संभव फार.

तिसरी खूण कागदाची. जमिनीच्या फेरफारात वारसाची नोंद करताना मूळ खातेदार केव्हा व कोठे मयत झाला, याचा शेरा येतो. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यातील जन्ममृत्यूच्या नोंदी, पाटील-कुलकर्ण्यांच्या घरची मोडी कागदपत्रे, आणि शाळेचे दाखले यांतून बाप-आज्याची साखळी लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला गेलेल्या घराण्यांच्या नामावळ्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात बैलावर बसून दारी येणारा हेळवी घराण्याची वंशावळ सांगतो. एरवी दान घेऊन जाणाऱ्या या माणसाला कधी बसवून घेऊन विचारले, तर चार-पाच पिढ्या सहज उभ्या राहतात. आणि मराठा पलटणीच्या बाबतीत बेळगावचे रेजिमेंटल केंद्र, तसेच प्रत्येक जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय ही विचारण्याची ठिकाणे आहेतच.

लेकीकडून चाललेला वंश

वारस म्हटला की लोक मुलगा पाहतात. पण लढाईवर गेलेला शिपाई बहुधा वीस-बावीस वर्षांचा. कित्येकांची लग्ने झालेली नव्हती, कित्येकांना एखादी तान्ही मुलगी होती. मुलगी मोठी होऊन सासरी गेली, आडनाव बदलले, गाव बदलले. गावच्या वंशावळीत त्या शिपायाच्या नावापुढे ‘निर्वंश’ लिहिले गेले. प्रत्यक्षात त्याच्या लेकीची नातवंडे-पतवंडे दहा कोसांवर सुखाने नांदत असतात, आणि आपल्या आजीचा बाप कोठल्या तरी लढाईत गेला एवढेच त्यांना ठाऊक असते. म्हणून वंशावळ मांडताना लेकींची नावे आणि त्यांची सासरची गावे लिहिली पाहिजेत. जेथे लेकही नाही तेथे भाऊ, पुतणे, भावकी आहे. कुणाच्या तरी हाताने त्याला पाणी मिळालेच आहे. तो हात ज्या घरचा, ते घर त्याचे.

जीर्णोद्धाराची यादी

या सगळ्या शोधात देवळाचा जीर्णोद्धार हा फार मोलाचा प्रसंग असतो. एरवी गाव कधी पूर्ण एकत्र येत नाही. मुंबईच्या गिरणगावात गेलेला चाकरमानी, पुण्याला नोकरीला असलेला, परमुलखी दुकान टाकलेला, माहेरची ओटी भरायला येणारी लेक, ही सारी माणसे वर्गणीच्या निमित्ताने गावाशी पुन्हा जोडली जातात. वर्गणीची वही पाहिली तर असे दिसते, की गावातून उठून गेलेली जवळजवळ सारी घराणी तिच्यात पत्त्यासह आली आहेत. इतकी पूर्ण यादी सरकारी कचेरीतही मिळणार नाही. त्याच वहीत नावापुढे एक रकाना वाढवून, घरातील कोणी पलटणीत वा जहाजावर होते काय, एवढा एक प्रश्न विचारला, तर शंभर वर्षांचा आकडा नावांत बदलू लागेल.

दुसरी गोष्ट दगडाची. नव्या बांधकामात जुने वीरगळ पायरीला लागतात, पायात भरले जातात, किंवा फरशी बसवताना कडेला टाकले जातात. संगमरवरी पाटीवर रंगाचा हात फिरतो आणि अक्षरे बुजतात. हे हेतुपूर्वक कोणी करीत नाही. गवंड्याला दगड तो दगडच. म्हणून जाणत्यांनी उभे राहून वीरगळ आवारात ओळीने लावून घ्यावेत, त्यांना सिमेंटचा गिलावा करू नये, पाटीची अक्षरे स्वच्छ ठेवावीत. त्यासाठी खर्च लागत नाही, लक्ष लागते.

सभामंडपाच्या भिंतीवर देणगीदारांची नावे लागतात. कोणी आईच्या स्मरणार्थ खांब देतो, कोणी वडिलांच्या स्मरणार्थ फरशी, आणि ती योग्यच रीत आहे, कारण ज्याने दिले त्याचे नाव गावाने राखले पाहिजे. पण याच गावांतून काही जणांनी पैका नव्हे, प्राण दिले. पावती फाडली गेली नाही, पाटीवर केवळ संख्या आली. देणगीदारांच्या ओळींशेजारी त्यांच्यासाठी एक शिळा मोकळी ठेवावी. आज एक नाव सापडेल, पुढल्या यात्रेला दुसरे. शोधून काढलेले प्रत्येक नाव कोरून व्हावे, आणि त्या दिवशी त्या घरच्या वारसाने, मग तो लेकाकडचा असो की लेकीकडचा, पहिला नारळ फोडावा. वीरगळावर चंद्रसूर्य कोरणाऱ्या पाथरवटाने जे मागितले होते, ते तेव्हा कोठे पुरे होईल.